सतरा जणींच्या स्लाइड्स

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दावणगेरेच्या त्या हॉस्पिटलात गर्भाशयाच्या तोंडाचा एक तुकडा तपासायला आला. करडा, भुसभुशीत, चिमट्याने उचलला तरी कडेने सुटणारा. बावीस वर्षं असे तुकडे हाताळलेल्या दाक्षायणीला तो मेणात बसवायच्या आधीच कळून चुकलं की हा कॅन्सर आहे आणि चांगलाच मुरलेला आहे. निदान करणं तिचं काम नव्हतं, ती टेक्निशियन. पण इतक्या वर्षांत डोळे काही मिटून ठेवता येत नाहीत.

चिठ्ठीवर नाव होतं कोट्रम्मा, वय एक्केचाळीस, चुरमुऱ्याच्या भट्टीवर कामाला. कोट्टूरच्या देवाच्या कृपेने त्या भागात गल्लीला एक कोट्रम्मा सापडते. तरी दाक्षायणीला काहीतरी खटकलं आणि तिने कॉम्प्युटरमध्ये नाव घालून पाहिलं. पंधरा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलने भट्ट्यांच्या वस्तीत शिबिर घेतलं होतं, तेव्हा याच कोट्रम्माचा तुकडा याच टेबलावर आला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: पेशींत किरकोळ बदल, पी-सिक्स्टीन निगेटिव्ह, सूज असावी, तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. खाली विभागप्रमुख डॉ. तिप्पेस्वामींची सही. रंग कुणी चढवला त्या रकान्यात दाक्षायणीचं नाव.

दाक्षायणीचा राग हॉस्पिटलात सगळ्यांच्या परिचयाचा होता. बाटलीवर पेशंटचं नाव नसलं की ती वॉर्डात फोन लावून सिस्टरला विचारायची, "नाव ठेवायला मी बारशाला येऊ का?" शिकाऊ डॉक्टर तिच्यासमोर स्लाइड हातात घ्यायलाही बिचकत. पण तो सगळा राग दुसऱ्यांच्या नावावर निघायचा. त्या मंगळवारी खोलीत कुणी नव्हतं आणि स्क्रीनवर तिचंच नाव होतं.

पी-सिक्स्टीन हे एक प्रथिन. सगळ्यांच्या पेशीत असतं, थोडंथोडकं, कामापुरतं. गर्भाशयाच्या तोंडाशी या कॅन्सरला कारण असलेला बदमाश विषाणू ठाण मांडून बसला की पेशीचे ब्रेक निकामी करतो, आणि मग हे प्रथिन आत साचत जातं. जिथे साचलं असेल तिथे औषध टाकल्यावर तपकिरी रंग उठतो. ही नुसती सूज आहे की कॅन्सरची सुरुवात, हे पेशींच्या आकारावरून डॉक्टरला ठरवता आलं नाही की हा रंग निकाल देतो. खालपासून वरपर्यंत सलग तपकिरी पट्टा दिसला तर बाईला बोलवायचं, छोटं ऑपरेशन करायचं, विषय संपला. रंग उठला नाही तर घरी पाठवायचं. कोट्रम्माला घरी पाठवलं होतं.

दाक्षायणीने कपाटातून जुना मेणाचा ब्लॉक काढला. मेणात तुकडा वर्षानुवर्षं होता तसा राहतो. तिने त्यातून नवा काप काढला, काचेवर चढवला आणि त्याच दिवशी रंगवायला घेतला. दुपारी चारला स्लाइड बाहेर आली, तेव्हा मायक्रोस्कोपची गरजच नव्हती. काच उजेडाकडे धरली तरी तपकिरी पट्टा दिसत होता. शेजारी तिने पंधरा महिन्यांपूर्वीची स्लाइड धरली. ती निळी, स्वच्छ, पाण्याने धुतल्यासारखी. तुकडा तोच, औषध तेच, रंगवणारे हात तेच.

ती स्टुलावर बसली. फरक कुठे पडला हे तिला पाच मिनिटांत कळलं, आणि कळल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांच्या विभागात पी-सिक्स्टीनची 'ट्रिप' असायची. औषधाची बाटली करंगळीएवढी, एक-दोन स्लाइडसाठी सगळा मांड मांडणं परवडत नाही, म्हणून दहा स्लाइड्स जमेपर्यंत थांबायचं. भरल्याशिवाय शेअर रिक्षा सुटत नाही, तसं. मात्र काप तुकडा आला त्याच दिवशी कापून ठेवायचे, म्हणजे ट्रिपच्या दिवशी घाई नको. कापलेल्या स्लाइड्स ओव्हनशेजारच्या ड्रॉवरमध्ये पडून राहत, कधी चार आठवडे, कधी दहा. मार्च-एप्रिलमध्ये तो ड्रॉवर उघडला की तव्यावर हात धरल्यासारखी धग लागायची. उघड्या कापातलं प्रथिन हवेने आणि उष्णतेने विटत जातं, हे पुस्तकात छापलेलं आहे. दाक्षायणीने ते नव्या पोरींना शिकवलंही होतं. शिकवून झाल्यावर ती उठून त्याच ड्रॉवरमध्ये स्लाइड्स ठेवायची.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी चूक पकडली गेली असती, कारण प्रत्येक ट्रिपमध्ये एक कंट्रोल असतो. कंट्रोल म्हणजे ज्यात रंग उठणार हे आधीपासून ठाऊक आहे असा तुकडा. तो रंगला तर औषध चाललं, बाकीच्यांचा निकाल खरा. कंट्रोल इतरांसारखाच महिनाभर ड्रॉवरमध्ये तापला असता तर तोही फिका पडला असता आणि दाक्षायणीला संशय आला असता. पण कंट्रोल ती ट्रिपच्या दिवशी सकाळी ताजा कापायची. सगळ्यात चांगला ब्लॉक निवडून, पातळ, सुरकुती नसलेला, कारण कंट्रोलची स्लाइड फाइलला लागते आणि मान्यतेच्या तपासणीला येणारी माणसं तीच बघतात. तिच्या कंट्रोलचे फोटो कॉलेजच्या भिंतीवर लावलेले होते. तिला त्याचा अभिमान होता. दर ट्रिपला तिचा सुंदर कंट्रोल उठून साक्ष द्यायचा की सगळं ठीक आहे, आणि त्याच्या बाजूच्या नऊ जणींचं काही ठीक नसायचं.

कुणी सांगितलं नव्हतं तिला कंट्रोल ताजा कापायला. तिची स्वतःची हौस.

त्या शिबिराच्या काळात रंग न उठलेल्या सतरा जणी होत्या. दाक्षायणीने सतराही ब्लॉक बाहेर काढले. शुक्रवारी हॉस्पिटलची मोठी तपासणी होती, त्यासाठी औषधाची एक नवी बाटली फ्रिजमध्ये राखून ठेवली होती. तिने ती कुणाला न विचारता फोडली. बुधवारी रात्रीचा स्वयंपाक तिने नवऱ्यावर टाकला, तो बिचारा चित्रान्न करून झोपला. गुरुवारी दुपारपर्यंत सतरा स्लाइड्स ट्रेमध्ये होत्या. अकरा निळ्या, म्हणजे खरोखर निर्धास्त. सहा तपकिरी. सहांपैकी एक कोट्रम्मा. उरलेल्या पाच जणी कुठेतरी भाकऱ्या थापत होत्या, भट्टीवर बसत होत्या आणि आपल्याला काही झालेलं नाही अशा समजुतीत होत्या.

ट्रे घेऊन ती डॉ. तिप्पेस्वामींच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी तिला याच विभागात काम शिकवलं होतं, लग्नाला चांदीचा दिवा दिला होता, आणि येत्या डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. त्यांनी एकेक जोडी मायक्रोस्कोपखाली धरली, आधी जुनी, मग नवी. सहाही जोड्या पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तो रुमालाने पुसत राहिले. दाक्षायणीने ड्रॉवरची, ट्रिपची आणि कंट्रोलची हकीकत सांगितली. स्वतःचा वाटा लपवला नाही.

डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे तुमचं. पुढच्या महिन्यापासून काप ऐनवेळी कापायचा, कंट्रोल बाकीच्यांइतकाच जुना घ्यायचा, तसा लेखी नियमच करू. त्यांनी तिथल्या तिथे वहीत टिपूनही घेतलं. दाक्षायणी वाट पाहत उभी राहिली. वही मिटली गेली.

"आणि या पाच जणी, सर?"

डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मग त्यांनी समजावायच्या सुरात सांगितलं की उद्या तपासणी आहे, आत्ता हे बाहेर पडलं तर विभागाची मान्यता जाईल, ते एक असो. पण खरी गोष्ट वेगळी आहे. या बायका शिबिराला किती नाकदुऱ्या काढल्यावर येतात ते तुम्हीच पाहिलंय. एकदा वस्तीत कळलं की रिपोर्ट चुकतात, की पुढच्या वर्षी एक बाई फिरकणार नाही. पाच जणींसाठी पाच हजार जणींचं दार बंद होईल.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच दाक्षायणीला जास्त संताप आला. क्षणभर तिला वाटलंसुद्धा की सर म्हणतात तसं असेल. मग तिची नजर ट्रेमधल्या पाच काचांवर गेली.

"म्हणजे या पाच जणींना आपण काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही. तीन वर्षांनी बोलावलंय ना त्यांना? तेव्हा बघू की."

"कोट्रम्माला पंधरा महिने पुरले, सर."

"दाक्षायणी, रिपोर्टवर सही माझी असते. तुमची नसते. एवढं ध्यानात असू द्या."

हेही खोटं नव्हतं. टेक्निशियनने रंग चढवायचा, बोलायचं डॉक्टरने. बावीस वर्षं ती या नियमाने वागली होती आणि दुसऱ्या कुणी मोडला तर त्याची चांगली हजेरी घेतली होती. ती ट्रे उचलून बाहेर आली आणि जिन्यात उभी राहून तिने शिबिराच्या वहीतले नंबर फिरवायला सुरुवात केली.

पाचही नंबर नवऱ्यांचे. एक बंद. एक लागला तो किराणा दुकानात. तिसरा म्हणाला बायको कामावर गेलीय, आणि काय काम आहे ते न विचारताच त्याने ठेवून दिला. चौथ्याने हॉस्पिटल हा शब्द ऐकताच आवाज चढवला: "असल्या फोनला मी फसत नाही बाई. ओटीपी मागायचा असेल तर दुसरं गिऱ्हाईक बघ. आवाजावरून चांगल्या घरची वाटतेस, लाज नाही वाटत?" पाचव्याने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, आमच्याकडे तुमचाच कागद आहे, त्यात काही नाही असं लिहिलंय, आता उगीच घाबरवू नका.

मग एकच जागा उरली. बायकांच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर.

कोट्रम्माला सोमवारी मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात किरणं द्यायला हलवणार होते. अंगाने सुकलेली, पण आवाज भट्टीवर काम करणारीचा, चार माणसांच्या वरून पोहोचणारा. तापलेल्या वाळूत चुरमुरे भाजून तिच्या बोटांची पेरं काळी पडली होती. दाक्षायणीला पाहून तिला वाटलं रक्त घ्यायला आली, आणि तिने आपणहून हात पुढे केला.

"रक्त नको, अम्मा. मला बोलायचंय," दाक्षायणी म्हणाली. आणि खाटेच्या कडेला न टेकता, उभ्यानेच, तिने सगळं सांगितलं. ड्रॉवर म्हणजे काय, रंग म्हणजे काय, हे कोट्रम्माला कळेल अशा शब्दांत. मसाला भट्टीपाशी उघडा ठेवला की त्याचा वास उडतो, तसा तुमच्या तुकड्यातला खुणेचा पदार्थ उडून गेला, आणि कागदावर आलं की तो नव्हताच.

सगळं ऐकून झाल्यावर कोट्रम्माने विचारलं, "कुणी ठेवलं उघडं?"

"मी."

"तुम्ही." पुढच्या वाक्याला कोट्रम्माच्या तोंडातलं तुम्ही गेलं. "मला आठ महिने अंगावरून लाल जात होतं, ठाऊक आहे तुला? सून म्हणाली दवाखान्यात जाऊ. मीच नको म्हटलं. म्हटलं, मोठ्या डॉक्टरनं लिहून दिलंय, तीन वर्षं काही नाही. हे वयाचं असेल. शेजारणी म्हणाल्या तर त्यांच्याशी भांडले. तुझ्या कागदासाठी भांडले गं मी लोकांशी. आठ महिने."

दाक्षायणीचे डोळे भरून आले. कोट्रम्माने ते पाहिलं आणि तिचा पारा आणखी चढला.

"इथं रडू नको. रडायचं असेल तर बाहेर जा, तिकडे बाक आहे. मी नाही रडले अजून."

दाक्षायणीने डोळे पुसले आणि पाच जणींचं सांगितलं. फोन लागत नाहीत, डॉक्टर बोलवायला तयार नाहीत, आणि उशीर केला तर त्यांचंही असंच होईल. कोट्रम्मा म्हणाली, नावं वाच. दाक्षायणी वाचत गेली. पहिल्या चार नावांना कोट्रम्मा नुसती मान हलवत होती, कारण चौघी तिच्याच गल्लीतल्या, दोघी तर तिच्याच भट्टीवरच्या. त्या शिबिराला यायला तयार नव्हत्या, तिनेच ओढून आणल्या होत्या. कागद आल्यावर सगळ्यांना घरोघर जाऊन सांगितलं होतं की बघा, उगीच घाबरत होता. पाचवं नाव हनुमक्का. ते तिला माहीत नव्हतं. जगळूरकडची कुणी तरी, त्या दिवशी वस्तीत पाहुणी आलेली असेल.

"तुझा डॉक्टर कधी असतो खोलीत?" कोट्रम्माने विचारलं.

"उद्या दिवसभर. पण उद्या तपासणी आहे, बाहेरचे लोक येणार आहेत."

"बरं झालं की मग," कोट्रम्मा म्हणाली, आणि सुनेला बोलावून घेऊन तिच्या कानाशी बोलू लागली. दाक्षायणीला तिने जा असंही म्हटलं नाही.

शुक्रवारी साडेदहाला पॅथॉलॉजीच्या पॅसेजमध्ये तपासणीची तीन माणसं फाइली घेऊन फिरत होती. लिफ्टमधून कोट्रम्मा बाहेर आली. अंगावर हॉस्पिटलचा हिरवा गाऊन, त्यावर घरची साडी शालीसारखी ओढलेली, मागे सून आणि चार बायका. त्या डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर ओळीने बसल्या. बाकावर जागा संपली तशी सून जमिनीवर बसली. शिपायाने हटकलं तेव्हा कोट्रम्मा म्हणाली, आम्हाला डॉक्टरांनी बोलावलंय. आरडाओरडा काही नाही. त्या नुसत्या बसल्या होत्या, आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण त्या गाऊनकडे बघत होता.

डॉक्टर बाहेर आले, हे काम कुणाचं ते तिथे उभ्या दाक्षायणीकडे बघून त्यांनी एका नजरेत ओळखलं, आणि कोट्रम्माला विचारलं की तुम्हाला कुणी बोलावलं.

"तुम्हीच. कागदावर लिहिलंय की तीन वर्षांनी पुन्हा या. मला पंधरा महिन्यांतच त्रास झाला. यांना होणार आहे. म्हणून आधीच आणल्या."

तपासणीतल्या एका बाईंनी फाइल बंद करून मान वळवली. डॉक्टर गोरेमोरे झाले. पण माणूस वाईट नव्हता, आणि हीच गोष्ट दाक्षायणीच्या रागाच्या सारखी आड येत होती. वाईट असता तर तिला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यांनी चौघींना खोलीत नेलं, स्वतः स्त्रीरोग विभागाला फोन लावला, आणि तिथल्या तिथे चार नवे रिपोर्ट लिहून सह्या केल्या. जाताना चौघींपैकी एकीने त्यांचे आभार मानले. दाक्षायणीला ते बघवलं नाही.

पाचव्या रिपोर्टवर त्यांनी सही केली नाही. ती आली की बघू, म्हणाले. आणि दाक्षायणीला सांगितलं की बाटली न विचारता फोडल्याबद्दल आणि पेशंटशी परस्पर बोलल्याबद्दल लेखी खुलासा द्या. तिने दीड पान खुलासा दिला. त्यात बाटलीबद्दल एक ओळ होती, बाकी सगळं ड्रॉवरबद्दल.

सोमवारी तिने रजा टाकली आणि जगळूरची बस धरली. तिथून पुढे टमटम, मग अर्धा तास पायी. गावात हनुमक्काचं घर विचारलं तर लोकांनी परसप्पाचं घर दाखवलं. परसप्पा म्हणजे तोच पाचवा, फोनवर नीट ऐकून घेणारा. पन्नाशीचा, शांत, अंगणात औषध मारायचा पंप खोलून बसलेला. हॉस्पिटलची बाई एवढ्या उन्हात चालत आली म्हटल्यावर त्याने आधी पाणी आणि गुळाचा खडा दिला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. दाक्षायणीने पाणी पिऊन बोलायला सुरुवात केली, आणि परसप्पा उठून आत गेला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात हनुमक्काचा रिपोर्ट होता. त्याने तो लॅमिनेट करून घेतला होता. वरच्या कडेला भोक पाडून सुतळी ओवली होती, देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगायला. प्लॅस्टिकच्या आत हॉस्पिटलचा शिक्का, निगेटिव्ह हा शब्द आणि सही लखलखीत होती.

"माझी आई याच दुखण्यानं गेली," परसप्पा म्हणाला. "शेवटी शेवटी वासानं कुणी जवळ जात नव्हतं. म्हणून बायकोला मी स्वतः शिबिराला नेलं, तिच्या बहिणीकडे दोन दिवस राहून. गावात हसले मला, बायकांच्या रांगेत उभा राहिला म्हणून. हा कागद आला त्या दिवशी आम्ही पुरण शिजवून होळिगे केल्या. आता तुम्ही सांगा, अक्का. हा कागद खोटा, का तुम्ही?"

वाटेत दाक्षायणीने बोलायचं ठरवून ठेवलं होतं. यंत्र, पद्धत, उष्णता, तांत्रिक कारण. या माणसाने सगळं बरोबर केलं होतं. जे जे त्याला करता येण्यासारखं होतं ते सगळं. त्याच्यासमोर ते शब्द तोंडात येईनात.

"कागद खोटा," ती म्हणाली. "मीच केलाय तो. चूक माझी. हनुमक्काला कॅन्सर अजून झालेला नसेल, पण होण्याच्या वाटेवर आहे, आणि आत्ता आली तर अर्ध्या तासाच्या ऑपरेशनने थांबेल. आणखी वर्ष काढलं तर नाही थांबणार."

परसप्पाचा हात खाली आला. दाक्षायणीने त्याच्या हातून तो रिपोर्ट घेतला आणि फाडायला गेली. सगळा आठवड्याचा संताप तिच्या बोटांत उतरला होता, ट्रिपचा, सरांचा, भिंतीवरच्या फोटोंचा, स्वतःचा. पण लॅमिनेशन चांगलं जाड होतं. तो वाकला, त्याच्यावर पांढरी घडी पडली, पण फाटेना. तिने दातात कड धरली तेव्हा आतून भाकरीचा आवाज थांबला.

हनुमक्का दारात आली. हातांना पीठ, पदर कमरेला खोचलेला. ती किती वेळ ऐकत होती कोण जाणे. तिने दाक्षायणीच्या तोंडातून तो रिपोर्ट हळूच काढून घेतला, पदराने पुसला आणि नवऱ्याला म्हणाली, "तव्याखालचा जाळ ओढा." मग आत जाऊन हात धुऊन, पिशवीत एक लुगडं कोंबून ती बाहेर आली आणि चपला घालू लागली. रिपोर्ट तिने पिशवीत वर दिसेल असा उभा ठेवला होता.

"तो कशाला घेताय?" दाक्षायणीने विचारलं. "तो टाकून द्या. मी दुसरा करून देईन."

"टाकू कशाला?" हनुमक्का म्हणाली. "तुम्ही इथवर आलात, बोललात. याच्यावर ज्याची सही आहे तो कुठे आला? त्याच्या टेबलावर ठेवायचाय मला हा. चला."